कार्ड एक, चुली तीन

आमच्या घरात तीन चुली आहेत. आता सगळीकडे गॅसच आहे, पण आम्ही अजून चूलच म्हणतो. सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, लागून थोरल्या जाऊबाईंची, मधली माझी आणि परसाकडची धाकट्या जावेची. आत्तींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, ज्या दिवशी जिच्या हातचं खावंसं वाटेल तिच्याकडं त्या जेवतात. शेत दोन एकर, ते एकत्र. गोठा एक. बाकीचं सगळं कधीच वेगळं झालंय, तेही भांडण न होता. 2019 च्या महापुरापर्यंत या चुलींचा आणि कागदाचा काही संबंध असतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठावरचं. नाव लिहीत नाही. पुढं एका कार्यालयाबद्दल लिहायचंय आणि तिथल्या माणसांना गावभर दाखवायची माझी इच्छा नाही.

पूर आम्हाला नवा नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की इशारा, 43 झालं की धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2005 साली पाणी आमच्या उंबऱ्याला शिवून परत गेलं होतं. त्यामुळं घरातल्या सगळ्यांचा हिशेब तिथंच थांबलेला. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी आम्ही ज्वारीची कोठी विटांवर चढवली, शिलाई मशीन कॉटवर ठेवलं, कपड्यांची ट्रंक माळ्यावर टाकली आणि निवांत भात खाल्ला. मध्यरात्री पाणी उंबरा ओलांडून आत आलं. त्या वर्षी बंधाऱ्यावरची पातळी 55 फुटांच्या वर गेली. मंगळवारी सकाळी दिरांनी दोन्ही म्हशी सोडून कंबरभर पाण्यातून माळाकडं काढल्या, आणि आम्ही बायका-पोरं नावेतून निघालो. आत्ती नावेत बसेनात. "देवघरात दिवा लावून येतो," म्हणत होत्या. धाकट्या दिरानं त्यांना उचलून ठेवलं.

माळावरच्या शाळेत आठ दिवस काढले. चौथीच्या वर्गात आम्ही सहा घरं. बाहेर नजर जाईल तिथवर पाणी, आणि प्यायच्या पाण्याचा टँकर कधी येतो याकडं डोळे. शहरालाही नळाचं पाणी नव्हतं, उपसा केंद्रंच बुडालेली. पुणे-बेंगळुरू हायवे बंद होता, त्यामुळं आमच्या ह्यांची शिरोलीची फौंड्रीही बंद. तिथं हजेरी नाही तर पगार नाही.

त्या आठ दिवसांत आम्ही एकदाही उपाशी झोपलो नाही. पेठेतल्या तालमींची पोरं दोन वेळा टेम्पो घेऊन यायची. पातेल्यात गरम आमटी-भात, कधी पोळीभाजी. 12 ऑगस्टला बकरी ईद होती. त्या दुपारी शहरातल्या एका मोहल्ल्यातून जेवण आलं. घेऊन आलेल्या भाऊंनी आधी आत्तींपुढं हात जोडले आणि सांगितलं, "मावशी, शाकाहारी आहे. श्रावण आहे म्हणून मुद्दाम वेगळं शिजवलंय." आपला सण घरी ठेवून आलेला माणूस आमचा श्रावण पाळत होता. आत्ती त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी आम्ही घरात पाय ठेवला. दार फुगलेलं, लाथ घालून उघडावं लागलं. घोटा बुडेल एवढा गाळ. तिजोरी आडवी पडलेली, तिच्यातली लग्नातली शालू-साडी काळ्या चिखलाचा गोळा झालेली. पण माझ्या मनात आजही राहिलीय ती कोठी. झाकण उघडलं तर असा वास आला की जाऊबाई बाहेर पळाल्या. मी हात घातला. ज्वारी आतून गरम होती. पाच दिवस पाण्यात राहिलेलं धान्य आतल्या आत आंबून तापलं होतं, वरच्या थराला पांढरे मोड आलेले. वर्षभराची भाकरी. आम्ही ती घमेल्यानं उपसून परड्यात खड्डा काढून पुरली. आत्ती काठावर बसून होत्या आणि प्रत्येक घमेल्याला हात लावून नमस्कार करत होत्या.

मशीन कॉटसकट तरंगून भिंतीला जाऊन अडकलं होतं. मी ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवते. पोरांची फी आणि घरातलं वरखर्चाचं त्यावरच चालतं. मशीनचं मुंडकं उलटं करून बघितलं तर आत मळलेल्या पिठासारखा बारीक गाळ, आणि शटल जागेवर गच्च बसलेलं. पंधरा गिऱ्हाइकांची कापडं त्याच खोलीत होती. श्रावणातली, गौरी-गणपतीची.

मग मदतीचे ट्रक यायला लागले. मुंबईचे, पुण्याचे, आणखी कुठले कुठले. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही मायाच आहे. रात्रभर गाडी चालवून अनोळखी गावात कोण येतं? पण ट्रक थांबायचे वरच्या रस्त्यावर, कारण खाली गाळात चाक रुतायचं. आमची आळी नदीकडची, सगळ्यात जास्त बुडालेली आणि रस्त्यापासून सगळ्यात लांबची. गाळ काढता काढता कुणीतरी ओरडायचं, "ट्रक आला!" तिथवर पोचेपर्यंत सामान संपलेलं असायचं. ज्यांच्या घरात पाणी शिरलंच नाही त्यांच्याकडं बिस्किटांचे चार चार पुडे, आणि आमच्या शेजारची म्हातारी रिकाम्या हातानं परत. वरच्या आळीतली माणसं वाईट होती म्हणून असं झालं नाही. गाडी जिथं थांबते तिथल्या माणसाला मिळतं.

आणि कपडे. एसटीच्या थांब्याजवळ कपड्यांचा ढीग माणसाच्या उंचीएवढा झाला. जीन्स, लोकरीचे स्वेटर, बिनब्लाउजच्या साड्या, लहान बाळांचे फ्रॉक. दोन दिवसांनी त्यावर पाऊस पडला. चिखलात पडलेलं कापड बघवेना म्हणून आम्ही सहा-सात जणी गेलो आणि निवडून आणलं, विहिरीवर धुतलं. विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकलेली होती, हात सोलून निघाले. पुढं त्या कापडाच्या आम्ही वाकळा शिवल्या. आमच्या आळीत त्या हिवाळ्यात बहुतेक घरांत त्याच वाकळा होत्या. माझ्या पोरानं अजून ती सोडलेली नाही. तिच्यात एका बाजूला कुणाच्या तरी शाळेच्या टायची पट्टी आहे. ती कुठल्या गावच्या पोराची, हे तो मला अधनंमधनं विचारतो.

आता पंचनाम्याबद्दल.

सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं. त्यातले पाच हजार लगेच रोख आणि बाकीचे खात्यावर. शिवाय दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. पंचनाम्याला आलेल्या माणसानं भिंतीवरची पाण्याची रेघ बघितली, तिघींची स्वयंपाकघरं बघितली, फोटो काढला आणि रेशन कार्ड मागितलं. केशरी कार्ड एकच. आत्तींच्या नावाचं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव लागतं. त्यावर खाली आम्ही सगळे, तेरा माणसं.

"कार्ड एक, कुटुंब एक," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, चुली तीन आहेत. तुम्ही आत्ता बघितल्या की."

"दिसतंय मला, ताई. पण माझ्या फॉर्मात चुलीचा रकाना नाही."

त्यांचा आवाज बसलेला होता, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, डोळे तांबडेलाल. दहा दिवस ते स्वतःच्या घरी गेले नव्हते, हे मला नंतर कळलं. मी त्यांच्यावर रागावले नाही. पण त्यानंतर मी ज्या कार्यालयात तीनदा गेले तिथं मात्र मला रडू आलं. पहिल्या वेळी सांगितलं, अर्ज लिहून द्या. दुसऱ्या वेळी तो अर्ज सापडेना. तिसऱ्या वेळी साहेब बैठकीला. प्रत्येक वेळी आधार, पासबुक, घरठाण उतारा, सगळ्याच्या झेरॉक्स. आमचे मूळ कागद ओले होते. आम्ही ते चुलीवरच्या तव्याच्या उबेला वाळवले होते आणि पासबुकाची पानं एकमेकांना चिकटलेली. झेरॉक्सवाल्याकडं दोन तासांची रांग, कारण सगळ्या गावांचं हेच चाललेलं. तीन फेऱ्यांना माझे तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत घरातला गाळ तसाच वाळत राहिला. वाळलेला गाळ कुदळीनं काढावा लागतो.

रोख पाच हजार आत्तींच्या हातात मिळाले. पाचशेच्या दहा नोटा. संध्याकाळी त्यांनी आम्हा तिघींना सोप्यात बसवलं आणि जमिनीवर तीन वाटे मांडले. तीन नोटा, तीन नोटा, तीन नोटा. एक उरली. ती त्यांनी हातात धरली, बराच वेळ. मग धाकटीच्या वाट्यावर ठेवली, तिचं बाळ आजारी होतं म्हणून. थोडा वेळ थांबून परत उचलली आणि माझ्या वाट्यावर ठेवली, "तुझं मशीन न्हाई," म्हणाल्या. मग तिथूनही उचलली. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "आत्ती, ती म्हसरांना असू दे." गोठ्याच्या नावानं ती नोट बाजूला निघाली. पंधराशे रुपयांत चार-पाच माणसांचं घर पुन्हा मांडायचं होतं. पातेलं, तवा, पोळपाट, गॅसची शेगडी, पोरांची दप्तरं. कुणाच्या वाट्याला कमी आलं म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही, पण त्या रात्री आमच्या घरात कुणी कुणाशी बोललंही नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शहरातून चार बायका आल्या. ट्रक नाही, बॅनर नाही, रिक्षानं आल्या आणि वरच्या रस्त्यावर उतरून चालत खाली आमच्या आळीच्या शेवटच्या घरापर्यंत गेल्या. तिथून उलट्या सुरू झाल्या. मला याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. नंतर त्यांच्याबरोबर फिरताना कळला. शेवटच्या घरापासून सुरू केलं तर सामान मध्येच संपलं तरी शेवटचं घर चुकत नाही.

त्यांच्याकडं शंभर पानी वही होती. सामान काहीच नव्हतं. मोठ्या ताई सोप्यात बसल्या आणि विचारलं, "घरात चुली किती?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. तीन कार्यालयीन फेऱ्यांत जे कुणाला सांगता आलं नव्हतं तेच कुणीतरी आपणहून विचारत होतं. त्यांनी प्रत्येक चुलीला एक पान दिलं. माझ्या पानावर माझ्या हातानं लिहायला सांगितलं. काय गेलं हे विचारलं नाही. काय हातात आलं तर काम सुरू होईल, हे विचारलं. मी "मशीन" लिहिलं. जाऊबाईंनी "पेंड" लिहिली, म्हशींचं खाद्य. धाकटी लाजत होती, तिनं ताईंच्या कानात सांगितलं आणि ताईंनी लिहून घेतलं. पंधरा दिवसांपासून आम्हा बायकांची त्या बाबतीत जी अडचण चालली होती ती एकाही ट्रकमध्ये नव्हती.

पेंडीचं सांगते, कारण शहरातल्या माणसाला ते पटकन समजत नाही. म्हशी जगल्या होत्या, पण वैरण बुडालेली, ऊस कुजलेला. माळावरच्या गावांनी उसाच्या वाड्याच्या, म्हणजे शेंड्याच्या पाल्याच्या, पेंढ्या दिल्या म्हणून त्यांच्या पोटात काहीतरी गेलं. तरी पुराआधी दोन वेळचं मिळून बारा लिटर देणाऱ्या दोन म्हशी चार लिटरवर आल्या. दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी होतं. म्हैस एकदा आटली की पुन्हा वेत होईपर्यंत ते बिल बंद. म्हणजे वर्षभर दर दहा दिवसाला येणारा पैसा गेला. आणि मग माणूस काय करतो? म्हैस विकतो. पुराच्या वर्षी विकणारे सगळेच, त्यामुळं भाव पडलेला. आमच्या आळीतल्या दोघांनी निम्म्या किमतीत म्हशी दिल्या, त्यांचे गोठे अजून रिकामे आहेत. जाऊबाईंना पेंडीची चार पोती मिळाली. त्या चार पोत्यांवर आमच्या म्हशी दसऱ्यापर्यंत निघाल्या आणि सहा-सात लिटरवर टिकल्या. त्या दुधाच्या बिलात तिन्ही घरांचा किराणा आला.

मशीनसाठी ताईंनी शहरातले एक मशीन दुरुस्त करणारे काका आणले. त्यांनी देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरली, रॉकेलचा डबा ठेवला आणि गावातली सगळी बुडालेली मशीनं रांगेनं मांडायला सांगितली. माझं मुंडकं त्यांनी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवलं. दुसऱ्या दिवशी दाभणासारख्या काडीनं खाचाखाचातला गाळ काढला, शटल सोडवलं, बॉबिनची केस बदलली, मोटर नवी बसवली. मग रिकामी सुई चालवली आणि कान लावून ऐकत राहिले. मला म्हणाले, "पोरी, हिला आठ दिवस जड कापड देऊ नकोस. दुखणं झालेलं आहे." मी पहिल्यांदा शिवलं ते आळीतल्या पोरींचं परकर-पोलकं, वाटण्यात आलेल्या साड्यांमधून. गणपती 2 सप्टेंबरला होते. ज्या पंधरा जणींची कापडं माझ्याकडं बुडाली होती त्यांतल्या एकीनंही पैसे मागितले नाहीत. नऊ जणींनी नवं कापड आणून दिलं.

ताईंचा एक सल्ला मी लगेच धरला. "कार्ड वेगळं करा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी फॉर्म तोच असणार." ऑक्टोबरात तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज दिला. जुन्या कार्डावरून नाव कमी करायचं, नवं मागायचं. घर सासऱ्यांच्या नावावर होतं, म्हणून आत्तींचं संमतीपत्र, घरफाळ्याची म्हणजे घरपट्टीची पावती, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांचे आधार. आत्तींना आधी ते पटलं नाही. संमतीपत्रावर अंगठा द्यायच्या आदल्या रात्री त्या म्हणाल्या, "घर फोडायलाय व्हय गं?" मी त्यांच्या पायाशी बसून त्या दहा नोटांची आठवण दिली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः लुगडं बदलून तयार होत्या. मध्ये लॉकडाऊन आला, अर्ज पडून राहिला. कार्डं हातात आली 2021 च्या जानेवारीत.

आणि त्याच जुलैत पाणी पुन्हा आलं. या वेळी आम्ही 39 ला उठलो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, मशीन माळावरच्या मावसबहिणीकडं, म्हशी सगळ्यात आधी बाहेर. कोरोनाचे दिवस, शाळेत एकाआड एक घर बसवलेलं, तोंडाला मास्क. पाणी उतरल्यावर ताईंचा फोन आला, "तुझ्या बाजूच्या तीन गावांची वही तू धरतेस का?"

धरली. शेवटच्या घरापासून सुरू केलं. पहिले चार दिवस कच्चा शिधा कुठंच द्यायचा नाही, शिजवलेलं द्यायचं, हे मी हट्टानं सांगितलं. चिखलातल्या बाईनं तांदूळ कशावर शिजवायचा? शिध्याच्या पिशवीत कांदा-लसूण चटणी, काडेपेटी आणि पॅड घालायला लावले. म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पानं वेगळी केली, कारण पाण्यात गोळ्या गेलेल्या असतात आणि म्हातारी माणसं ते सांगत नाहीत. पुरानंतर येणाऱ्या लेप्टो तापावरच्या गोळ्या आरोग्य खात्याच्या ताई देत होत्या, त्यांच्या मागं मागं फिरलं की कुठलं घर कुलूपबंद आहे तेही कळायचं.

त्या वेळी अनुदान कुटुंबाला दहा हजार होतं. पाच हजार कपड्यांचे, पाच भांड्याकुंड्यांचे. आमच्या घरात तीन कार्डांवर तीन वेळा आलं, थेट खात्यावर. आत्तींनी तिघींची पासबुकं मागून घेतली आणि तिघींकडून आलटून पालटून वाचून घेतली. त्यांच्या डोळ्यांना आकडे दिसत नाहीत, पण बोट प्रत्येक ओळीवर ठेवून ऐकत होत्या.

तिसऱ्या गावात एक बाई भेटली. नवरा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला, दोन मुली. दिराच्या घरात मागच्या पडवीत राहते. दीर दारातच म्हणाला, "आमचं एकच कुटुंब आहे, एकच लिहा." मी आत गेले. पडवीत साडीचा आडपडदा लावलेला, त्याच्या मागं वीटभर उंचीची चूल आणि एक पातेलं. मी तिला विचारलं नाही, ती बोलूही शकली नसती. मी वहीत दोन पानं घातली. पेंड दिराच्या पानावर लिहिली, आणि तिच्या पानावर तिला लिहायला दिलं. तिनं खूप वेळानं "शेगडी" लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात "मुलीची सायकल दुरुस्ती".

शेगडी मिळाली, सायकलही झाली. मुलगी त्यावरून हायस्कूलला जायला लागली. पण तिचं नाव अजून दिराच्याच कार्डात आहे. त्याचं संमतीपत्र मिळवायला चार वेळा गेले, चौथ्या वेळी त्यानं चहा दिला आणि "बघू" म्हणाला. घरफाळ्याची पावती त्याच्याकडं आहे. सोमवारी पाचव्यांदा जायचंय. या वेळी आत्तीही येतो म्हणाल्यात, त्याच्या आईला त्या ओळखतात.